गाळणीतून गेलेली ओळ

सकाळचे सात वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि टिंबताई रंगाची तीच कृती नवव्यांदा चालवून बघत होती. समोर चाचणीची पेटी होती. तिच्यात टाकी नव्हती, वाफ नव्हती, नुसते तीन दिवे होते. लाल दिवा म्हणजे वाफ. मिनिटांच्या जागी तिने सेकंद धरले होते. दिवा विझला. तिने घड्याळावर नजर ठेवली. चाळीस सेकंद झाले आणि कुणी हात न लावता दिवा पुन्हा लागला.

"लाग, मेल्या," ती दिव्याला म्हणाली. "अजून लाग."

शनिवारी तिसऱ्या टाकीत हेच झालं होतं, पण खऱ्या वाफेने. चारशे किलो कापड गडद निळं होऊन निघायचं होतं. शेवटच्या टप्प्यात वाफ बंद करून ते चाळीस मिनिटं निवायला हवं होतं. वाफ बंद झाली, चाळीस मिनिटांनी आपली आपण चालू झाली आणि कापड पुढे दीड तास शिजत राहिलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर जांभळट पट्टे होते, इतके नीट की कुणाला वाटावं मुद्दाम काढलेत.

टेबलाच्या कडेला पिवळ्या फायलीत एक टाइप केलेला कागद होता. 'तांत्रिक निष्कर्ष: कृती टंकित करताना कामगाराकडून झालेली चूक.' खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली टिंबताईचं नाव. निष्कर्ष आधीच तयार होता, तपास तिने आता करायचा होता. दुपारी चारला सही झाली की रंगमास्तर उद्यापासून टाकीवर नसणार होते. त्यांची रवानगी घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि टाकीवर त्यांची एकतीस वर्षं झाली होती.

टिंबताईला राग लवकर येतो, हे सगळ्या रंगखात्याला माहीत आहे. वय त्रेचाळीस. केस मानेशी कातरलेले, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी. सहा वर्षांपूर्वी टाक्या संगणकावर चालवायच्या ठरल्या, तेव्हा टाक्यांना सूचना देण्यासाठी तिने एक छोटी भाषा तयार केली. शब्द मोजून सव्वीस: वाफ, पाणी, रंग, थांब, सोड, चालू, बंद, असेच. मास्तरांनी त्या शब्दांत कृती लिहायची, तिच्या प्रोग्रॅमने ती वाचायची, तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा टाकीला सांगायचा. वाचून तुकडे पाडणाऱ्या या प्रोग्रॅमला तिच्या धंद्यात पार्सर म्हणतात. खाली टाक्यांवर त्याला 'वाचक' म्हणतात आणि बिघडला की बरंच काही म्हणतात.

नाव पडलं ते पहिल्याच बैठकीत. ती म्हणाली होती की प्रत्येक सूचना संपली की टिंब द्या, म्हणजे एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली याचा घोळ होणार नाही. रंगमास्तरांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. कोपरापर्यंत निळे, बोटं जाडजूड, नखांच्या कडा काळ्या.

"या बोटांनी टिंब?" ते म्हणाले. "ताई, हातमोजा घालून मी एक दाबतो तेव्हा तीन उमटतात. ओळ संपली की सूचना संपली. एवढं त्याला कळत नसेल तर त्याला शाळेत घाला."

मॅनेजर, ज्याला सगळे नुसतं साहेब म्हणत, हसला आणि म्हणाला, टिंब रद्द. ती तासभर भांडली आणि हरली. बैठकीतून बाहेर पडेपर्यंत ती टिंबताई झाली होती.

मास्तरांनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. तिच्या भाषेत आधी क्रिया आणि मग आकडा होता: थांब ४०. मास्तरांनी कागद लांब धरून वाचला.

"थांब चाळीस? असं कोण बोलतं? मी काय नाटकात काम करतोय? चाळीस थांब. आधी किती ते सांगायचं, मग काय ते."

हे तिला पटलं. तिने दोन्ही रीती चालतील अशी सोय केली. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर ठळक अक्षरांत छापलं: 'प्रत्येक सूचना नव्या ओळीवर लिहावी.' मास्तरांनी ते पान कापून तिसऱ्या टाकीच्या वरच्या नळाला तारेने बांधलं. सहा वर्षं वाफ खाऊन ते आता पापडासारखं कडक झालं आहे, पण तिथेच आहे.

साडेआठला ती खाली उतरली. रंगखात्यात नेहमीसारखी ओल होती, फरशीवरून पायाखाली कोमट पाणी वाहत होतं. तिसरी टाकी बंद होती, झाकण उघडं. मास्तर तिच्या काठाशी उपड्या बादलीवर बसून चष्मा पुसत होते.

"या टिंबताई. दिलं का टिंब? आमच्या नोकरीला?"

"चेष्टा करू नका, मास्तर. शनिवारी नेमकं काय लिहिलं होतं ते सांगा."

"सांगून काय उपयोग? साहेबाकडे छापील कागद आहे. त्यावर दिसतंय म्हणे मी काय लिहिलं ते." त्यांनी खिशातून वही काढली. मळलेली, रबर लावलेली. मशीनमध्ये घालण्याआधी ते प्रत्येक कृती पेन्सिलने वहीत लिहीत. शनिवारच्या पानावर शेवटी असं होतं:

वाफ बंद
४० थांब
पाणी सोड

"हे असंच टाइप केलं?"

"असंच. आता मला विचाराल तर, असंच." मास्तर थांबले. "पण चार दिवस हाच विचार करतोय. चुकून 'बंद'च्या पुढेच चाळीस टाकलं असेल का? काल जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाला नंबर तोच आहे. मग डोकं असेल. या वयात म्हणे सुरुवात अशीच होते."

टिंबताईच्या डोक्यात तिडीक गेली. साहेबाचा कागद, आयता लिहिलेला निष्कर्ष, हे सगळं तिने चार दिवस सहन केलं होतं. पण डोळे मिटून कापडाच्या वासावरून रंग चढला की नाही सांगणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बादलीवर बसला आहे, हे तिला सहन झालं नाही.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे," ती जवळजवळ ओरडली. "ते तिथेच राहू द्या. आणि वाफ चालू झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पाचव्या टाकीवर. कापडाला पीळ बसला होता, चौघं मिळून सोडवत होतो. मध्ये येऊन इकडच्या पडद्यावर नजर टाकली. 'थांब' दिसत होतं. मला 'थांब'च तर हवं होतं. गेलो परत."

ती वही घेऊन जिना चढली.

आकड्याचं कोडं तिला रात्रीच अर्धं सुटलं होतं. अकरा दिवसांपूर्वी साहेबाने तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं की 'बंद' या शब्दापुढे हवं तर मिनिटं लिहिता आली पाहिजेत. 'वाफ बंद १०' म्हणजे दहा मिनिटं बंद, मग आपोआप चालू. दुसऱ्या खात्याने मागितलं होतं. तिने चाचणीला दोन दिवस मागितले. "छोटंसं तर काम आहे, मॅडम, जेवणाच्या आधी होईल," साहेब म्हणाला. लेखी काही दिलं नाही. जेवणाच्या आधी तिने ते केलं आणि जेवणानंतर ते टाक्यांवर चालू झालं.

म्हणजे वाचकाने शनिवारी 'वाफ बंद' वाचलं. पुढे आकडा आहे का बघितलं. चाळीस सापडलं. उचललं. उरलं नुसतं 'थांब', आणि नुसतं 'थांब' म्हणजे कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत थांब. दोन्ही सूचना त्याच्या मते अगदी बरोबर होत्या, म्हणून त्याने ब्र काढला नाही. चाळीस मिनिटं वाफ बंद ठेवली, मग चालू केली आणि मास्तर बटण दाबायला येतील याची वाट बघत बसला.

पण चाळीस हा आकडा पुढच्या ओळीवर होता. वाचक ओळ ओलांडून गेलाच कसा? हे तिला कळत नव्हतं आणि त्यासाठी आता ती सगळ्यांना शिव्या घालत होती: साहेबाला, दुसऱ्या खात्याला, टाकीजवळच्या जुनाट संगणकाला. अकरा वाजेपर्यंत तिने नवा भाग ओळीगणिक तपासला. त्यात काही नव्हतं. मग ती मागे, सहा वर्षांमागच्या भागात गेली.

तिथे गाळणी होती. वाचकातला हा अगदी पहिला, दहा ओळींचा तुकडा. शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागा गाळून टाकायच्या आणि उरलेले शब्द पुढे द्यायचे, एवढंच त्याचं काम. वर तिनेच स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती:

'स्पेस, टॅब, नवी ओळ: तिन्ही सारखेच. रिकामं ते रिकामं. फेकून द्या.'

ती टीप तिने तीनदा वाचली. मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

वाचकाला ओळ कधी दिसलीच नव्हती. सहा वर्षं मास्तर ओळ मोडत होते आणि गाळणी ती मोड केरात टाकत होती. आजवर निभावलं ते सव्वीस शब्दांमुळे. प्रत्येक शब्द इतका वेगळा होता की ओळी एकमेकींना चिकटल्या तरी अर्थ फुटत नव्हता. 'बंद'पुढे आकडा चालेल असं ठरलं आणि 'बंद'खाली आकड्याची ओळ असलेली पहिली कृती शनिवारी आली, त्या घटकेला फुटला. पान चारवर ठळक अक्षरांत छापलेला नियम यंत्राला ठाऊकच नव्हता. मास्तरांनी तो तारेने बांधून पाळला. ज्या बाईने तो छापला, तिनेच तो पाळला नव्हता.

आता रागाला जायला जागा उरली नाही. इतका वेळ तो जिन्याने खाली-वर करत होता, तो घरी परतला.

जेवणाच्या सुट्टीत वडिलांचा फोन आला. ते रोज करतात. छापखान्यात अडतीस वर्षं खिळे जुळवले, आता कान थोडे कमी आणि आवाज जास्त.

"जेवलीस?"

"नाही."

"का?"

तिने सांगितलं. तोडून, चिडून, मोजक्या शब्दांत.

"म्हणजे तुझ्या मशीनला कोरी जागा दिसत नाही?"

"दिसते. फेकून देतं."

"मग त्याला वाचायला लावलं कुणी?" वडील म्हणाले. "आमच्याकडे कोरी जागा शिशाची असायची. हाताने उचलून लावावी लागायची. एका नवख्याने कवितेच्या ओळींमधली पट्टी विसरून सगळं सलग लावलं, तर फोरमनने अख्खी चौकट त्याच्या पायावर पालथी केली होती."

"बाबा, मला धीर देताय की पाय सांभाळ म्हणताय?"

"जेव म्हणतोय. आणि पायात बूट घालून जा."

चारला पाच कमी असताना ती साहेबाच्या केबिनपाशी पोचली. मास्तर आधीच बाहेर उभे होते, धुतलेला शर्ट घालून. हातांचा निळा मात्र तसाच होता. केबिनच्या दारावर साहेबाने स्वतः लिहिलेली पाटी होती, दोन ओळींची. टिंबताईने ती आज पहिल्यांदा नीट वाचली.

आत साहेबाने छापील कागद पुढे सरकवला. "वाद घालण्यासारखं काही नाही, मॅडम. मशीनने नोंदवलेली कृती. वाचा ना."

कागदावर एकच लांब ओळ होती. '…वाफ बंद ४० थांब पाणी सोड'.

"हे बघा, 'बंद चाळीस'. स्पष्ट आहे. मास्तर, तुम्हीच लिहिलंय ना हे?"

मास्तर कागदावर वाकले. त्यांचा चेहरा पडला. "हे असं दिसतंय खरं…"

"हे मास्तरांनी लिहिलेलं नाही," टिंबताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. "हे गाळणीतून गेल्यावर उरलेलं आहे. मास्तरांनी तीन ओळी लिहिल्या. मशीनने त्या सलग जोडल्या, आणि जे उरलं तेच तुम्हाला छापून दिलं. चोराने पंचनामा लिहिलाय आणि तुम्ही त्यावर माझी सही मागताय." तिने वही उघडून शेजारी ठेवली.

"म्हणजे एका एंटरमुळे चारशे किलो कापड गेलं?" साहेब हसला. "मॅडम, ओळ इथे तोडली काय आणि तिथे तोडली काय, शब्द तर तेच राहतात."

"तुमच्या दारावर काय लिहिलंय?"

"काय?"

"पाटी. मास्तर, वाचा जरा मोठ्याने. जशी आहे तशी."

मास्तरांनी दार ओढून मान बाहेर काढली. "जेवणाच्या वेळेत आत येऊ नये." थांबले. "फोन केल्याशिवाय भेट मिळणार नाही."

"आता ओळ विसरा. पहिल्या वाक्याला हाताशी येईल ते उचलू द्या, मशीनसारखं. जेवणाच्या वेळेत आत येऊ नये फोन केल्याशिवाय. भेट मिळणार नाही." ती साहेबाकडे वळली. "म्हणजे फोन करून खुशाल या. भेट तरीही नाहीच."

"हे तर तसंही खरंच आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते निसटलंच.

साहेब हसला नाही. त्याने पेन बोटांत फिरवलं. "ठीक आहे. समजा मशीन चुकलं. मशीन कोणाचं?"

"माझं," टिंबताई म्हणाली. "गाळणी मी लिहिली. पुस्तिकेत एक छापलं आणि प्रोग्रॅममध्ये दुसरं केलं, ते मीच. तसंच लिहून आणलंय."

तिने हाताने लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर तीन वाक्यं होती, प्रत्येक वेगळ्या ओळीवर, प्रत्येकाच्या शेवटी पेन दाबून दिलेलं टिंब. चूक कामगाराची नाही, सूचना वाचणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. तो प्रोग्रॅम मी लिहिला आहे. त्यातली दोष उघडा पाडणारी शेवटची दुरुस्ती अकरा दिवसांपूर्वी मॅनेजरच्या तोंडी आदेशावरून, दोन दिवसांची चाचणी नाकारली गेल्यामुळे, चाचणीविना चालू केली.

साहेबाने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "पहिली दोन चालतील. ही काढा."

"का?"

"ती तुमच्या निष्कर्षात बसत नाही."

"तिन्ही एकाच कागदावर बसतात. मी मोजून लिहिलंय."

"मॅडम, महिनाअखेर तुमचा करार संपतोय. हे लक्षात ठेवून बोला."

"चार दिवस लक्षात ठेवूनच बोलतेय, म्हणून एवढं हळू बोलतेय," टिंबताई म्हणाली. ती हळू बोलत नव्हती. काचेपलीकडच्या दोन कारकुनांनी माना वर केल्या होत्या. "एक ओळ गाळली गेली म्हणून मास्तर इथे उभे आहेत. आता तुमच्या सोयीसाठी परत एक ओळ गाळू? ते काम माझ्या प्रोग्रॅमला जमतं, मला नाही जमणार."

"ताई, राहू दे," मास्तर पुटपुटले. "माझे चौदाच महिने आहेत. तुला अजून बरीच वर्षं खायचं आहे."

"मास्तर, तुम्ही गप्प बसा. सहा वर्षांपूर्वी टिंब द्या म्हटलं तेव्हा गप्प बसायला हवं होतं, तेव्हा बसला नाहीत."

साहेबाने कागद टिंबताईकडे परत ढकलला. तिने तो उचलला, शेजारच्या आवक खिडकीवर नेला, त्याची झेरॉक्स काढली आणि कारकुनाकडून दोन्ही प्रतींवर तारीख आणि वेळेचा शिक्का मारून घेतला. चार वाजून एकतीस मिनिटं. एक प्रत आणून साहेबाच्या टेबलावर ठेवली, दुसरी मास्तरांच्या वहीत घातली आणि वर रबर लावलं. पिवळ्या फायलीतल्या सहीच्या रेघेवर काहीही नव्हतं, आणि त्या सहीशिवाय बदलीचा हुकूम काढता येत नव्हता. साहेब इतकंच म्हणाला की कराराचं नंतर बघू. बघू म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं.

जिन्यात मास्तर म्हणाले, "थँक्यू वगैरे म्हणायचं का?"

"मुळीच नाही. तुमचं कापड मी नासवलं. तुम्ही मला शिव्या द्यायच्या आहेत."

मास्तरांनी थोडा विचार केला. "उद्या देतो. आज शर्ट चांगला आहे."

ती वर जाऊन बसली ती पावणेसातपर्यंत. गाळणीवरची टीप खोडली. स्पेस आणि टॅब गाळायचे, नवी ओळ गाळायची नाही. ती स्वतःच एक खूण म्हणून पुढे द्यायची, शब्दासारखी. ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस मात्र दिसत नाही, ती गाळायलाच हवी. मास्तर दोन टप्प्यांमध्ये एक कोरी ओळ सोडतात, तेव्हा लागोपाठच्या दोन-तीन मोडी मिळून एकच धरायची. टाकीजवळचा संगणक ओळ मोडताना दोन खुणा ठेवतो आणि ऑफिसातला एक. दोन्हींचा अर्थ एकच. आणि 'बंद'पुढचा आकडा त्याच ओळीवर असेल तरच 'बंद'चा. यातलं काहीही अवघड नव्हतं. सहा वर्षांपूर्वी फार तर एक दुपार लागली असती, हे तिला प्रत्येक ओळ लिहिताना कळत होतं आणि तिची बोटं कळांवर गरजेपेक्षा जोरात पडत होती.

मग तिने आजवरच्या दोनशे चौदा कृती एकामागून एक नव्या वाचकातून काढल्या. दोनशे अकरा जशाच्या तशा निघाल्या. तीन ठिकाणी वाचक अडला आणि त्याने ओळीचा क्रमांक दाखवला: कुणीतरी घाईत दोन सूचना एकाच ओळीत कोंबल्या होत्या. त्या तिने हाताने वेगळ्या केल्या. शेवटी शनिवारची कृती लावली. लाल दिवा विझला. ती शंभर सेकंद बघत बसली. तो विझलेलाच राहिला.

"राहा तसाच," ती म्हणाली, नवा वाचक टाक्यांवर चालू केला आणि पेटीची वायर उपटली.

जाताना रंगखात्यातून गेली. पाळीचा फळा दाराशी आहे. मुकादम संध्याकाळी त्यावर दुसऱ्या दिवसाची नावं खडूने लिहितो. तिसऱ्या टाकीपुढे रंगमास्तरांचं नाव होतं. उद्याची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते आणि तिसऱ्या टाकीची वाफ सहा वाजून दहा मिनिटांनी.